न अजमावलेला ब्रेक आणि व्यापाऱ्याचे कर्तव्य

बेळगावच्या बाजारातून गोव्याकडे धान्य रवाना करावयाचे म्हणजे सह्याद्रीचा घाट उतरणे क्रमप्राप्तच होय. भरलेल्या मालमोटारीचा उतारावरील खरा आधार म्हणजे तिचे ब्रेक. त्यांतही ट्रेलरचा आपत्कालीन ब्रेक अशा जातीचा आहे की, रस्त्यावरील तपासणीत तो पुष्कळदा अजमावताच येत नाही. अशा वेळी निरीक्षकाने काय लिहावे आणि आपण व्यापाऱ्यांनी काय करावे, याचा विचार व्हावा असे आम्हांस वाटते.

प्रथम या ब्रेकची रचना पाहू. पुढील गाडी व ट्रेलर यांच्यामध्ये हवेच्या दोन नळ्या असतात. एकीतून ट्रेलरची टाकी भरली जाते. दुसरीतून ड्रायव्हरच्या पायाचा हुकूम चाकांपर्यंत पोहोचतो. स्प्रिंगच्या ब्रेकमध्ये हवेचा दाब एका बळकट स्प्रिंगला आवरून धरतो. ट्रेलर निसटून नळी तुटली की दाब उतरतो, स्प्रिंग मोकळी होते आणि चाके जखडतात. हवा गेली म्हणजे ब्रेक सुटू नये, उलट लागावा, हे तत्त्व जॉर्ज वेस्टिंगहाउस यांनी १८७२ मध्ये आगगाडीसाठी योजिले. अमेरिकेतील नियमानुसार सुटलेल्या ट्रेलरचे ब्रेक आपोआप लागून किमान १५ मिनिटे लागलेलेच राहिले पाहिजेत.

परंतु भरलेली गाडी उतारावर उभी असता हवा तोडून पाहणे धोक्याचे असते. ब्रेक न धरल्यास गाडी घरंगळेल. धरून पुन्हा न सुटल्यास रस्ता अडेल. शिवाय स्प्रिंग बंद डब्यात असते. ती आत मोडली तरी बाहेरून कळत नाही. तो डबा उघडणे तर जिवावरचे काम आहे, कारण आवळलेली स्प्रिंग उसळून माणूस दगावू शकतो.

म्हणून निरीक्षकाने दिसते व ऐकू येते तेवढे अवश्य पाहावे: हवेची फुसफुस, घासलेल्या किंवा तारेने बांधलेल्या नळ्या, आणि डब्यामागे बाहेर आलेला लांब बोल्ट. बंद पडलेली गाडी हलविण्यासाठी मिस्त्री त्या बोल्टाने स्प्रिंग आवळून ठेवतात. तो तसाच राहिला तर आपत्कालीन ब्रेक असून नसल्यासारखा होतो. एवढे पाहूनही ब्रेक अजमावता आला नाही, तर ‘ठीक’ लिहू नये, ‘सदोष’ही लिहू नये, ‘अजमावला नाही’ असेच लिहावे. आपल्या वहीत येणे रक्कम हाती पडण्यापूर्वी आपण जमा दाखवीत नाही. त्यातलाच हा प्रकार. माल वेळेवर पोहोचावा म्हणून ‘साहेब, ठीक लिहून सोडा’ असा आग्रह आपल्यापैकी कोणीही धरू नये.

रस्त्यावर जे होत नाही ते आवारात होते. पोती चढविण्यापूर्वी रिकामी गाडी सपाट जागी उभी करावी, पुढे-मागे थोडे अंतर सोडून चाकांना ठोकळे लावावेत, हवा पूर्ण भरावी आणि ट्रेलरकडे जाणारी हवा बंद करावी. मग हलक्या गियरात ओढून पाहावे. ट्रेलर हलता कामा नये. एखादेच चाक न धरणारे असेल तर या ओढीत ते लपून राहते. यास्तव जाणत्या मिस्त्रीकडून प्रत्येक चाक तपासून घ्यावे. १९८८ च्या मोटार वाहन कायद्यातील ५६ व्या कलमाखाली मिळणारे योग्यता प्रमाणपत्र आवश्यकच आहे, तथापि ते तपासणीच्या दिवसाची स्थिती सांगते, आजची नव्हे.

अहिंसाणुव्रताच्या पाच अतिचारांत ‘अतिभारारोपण’ हा एक सांगितला आहे. मुक्या जनावरावर शक्तीबाहेर ओझे लादू नये, हा त्याचा मूळ अर्थ. ट्रेलरला वेदना नाहीत हे खरे. पण पुढे ड्रायव्हर व क्लीनर बसलेले असतात, आणि घाटाच्या पायथ्याशी कोणाची तरी मुले शाळेच्या वाटेने चाललेली असतात. ब्रेकच्या बळाबाहेर भरलेली गाडी त्यांच्यावर सोडणे हाही भार लादण्याचाच प्रकार नव्हे काय?

आमची सूचना लहानशी आहे. प्रत्येक पेढीने गाडी भरण्याच्या वहीत एक ओळ वाढवावी: आपत्कालीन ब्रेक कोणत्या तारखेस, कोणी अजमावला. ती ओळ कोरी असेल तर हमालांनी पहिले पोते उचलू नये.