पोटाला सुट्टी, आठ आठवड्यांची!

समजा, उद्यापासून आठ आठवडे तुमची भेळ बंद, भडंग बंद, कंदी पेढे बंद. एवढंच काय, पोळी-भाजीही बंद. दिवसभर फक्त पावडर कालवलेलं एक पेय प्यायचं. जमेल?

साताऱ्यातल्या माझ्या तेरा वर्षांच्या मावसभावाला ते जमवावं लागलं. वर्षभर त्याचं पोट दुखायचं, जुलाब व्हायचे. वजन घटत होतं, उंची वाढतच नव्हती. घरच्यांचं एकच पालुपद, ‘बाहेरचं खातो ना!’ शेवटी मिरजेला दुर्बिणीची तपासणी झाली आणि आजाराचं नाव कळलं : क्रोन्स डिसीज.

आतड्याला सतत सूज ठेवणाऱ्या आयबीडी गटातला हा आजार. अमेरिकेतल्या डॉ. बरिल क्रोन आणि सहकाऱ्यांनी १९३२ मध्ये त्याचं वर्णन केलं. आपल्याकडे आतड्याचा टीबी हुबेहूब असाच दिसतो, त्यामुळे निदानाचा घोळ होतो.

आपल्या आतड्यात अब्जावधी जीवाणू राहतात. एरवी शरीराचं आणि त्यांचं छान जमतं. क्रोन्समध्ये रोगप्रतिकारशक्ती त्यांच्याशीच भांडण काढते, असं मानलं जातं. आतड्याच्या अस्तराला पोसणारा ‘फिकॅलिबॅक्टेरियम’ नावाचा जीवाणूही या रुग्णांमध्ये बऱ्याचदा कमी आढळतो.

मग ते पेय कशासाठी? प्रथिनं, स्निग्ध पदार्थ, जीवनसत्त्वं, सगळं त्यात मोजून असतं. सहा ते आठ आठवडे बाकी काहीच खायचं नाही. मुलांच्या क्रोन्समध्ये युरोपातले तज्ज्ञ बहुतेकदा याच उपचाराला पहिली पसंती देतात. साधारण दहातल्या आठ मुलांचा आजार शांत होतो. स्टेरॉइडनेही सूज उतरते, पण त्याने वाढ खुंटू शकते. इथे उलट अंग भरतं.

आता खरी गंमत. तुम्हाला वाटेल, चांगले जीवाणू वाढले असतील. ग्लासगोच्या संशोधकांनी तपासलं, तर उपचारादरम्यान फिकॅलिबॅक्टेरियम आणखी कमी झाला होता, आणि तरी मुलं सुधारली! म्हणजे ‘चांगले’ आणि ‘वाईट’ अशी सरळ वाटणी इथे चालत नाही.

अडचण नंतर येते. जेवण सुरू झालं की आजार परतू शकतो, म्हणून पुढे औषधं लागतात. इस्रायलच्या डॉ. एरी लेव्हिन यांच्या गटाने २०१९ मध्ये ७४ मुलांवरचा प्रयोग प्रसिद्ध केला : अर्धं पेय आणि अर्धं ठरावीक जेवण, म्हणजे चिकन, अंडी, बटाटा, भात, केळी, सफरचंद. हा आहार सुमारे ९८ टक्के मुलांना झेपला, नुसतं पेय ७४ टक्क्यांना.

पण ज्वारीची भाकरी खाणाऱ्या पोटाचं काय? पुण्याच्या संशोधकांनी २०१२ मध्ये दोन एकत्र कुटुंबांतल्या तीन पिढ्यांचे जीवाणू तपासले. एकाच छपराखाली, एकाच चुलीवरचं खाऊनही वयानुसार ते वेगळे निघाले. आपल्या ताटाचा अभ्यास आपल्यालाच करावा लागणार.

आणि हो, हे वाचून स्वतःच पावडर आणू नका. अल्सरेटिव्ह कोलायटिसमध्ये हा उपाय चालत नाही. जुलाब आठवडेच्या आठवडे थांबत नसतील, रक्त पडत असेल, वजन उतरत असेल, तर लाजू नका, डॉक्टर गाठा. तुमचा रूममेट सारखा टॉयलेटला पळत असेल, तर त्याची टिंगल करू नका.

गणपतीत मोदकांचं ताट भावाच्या समोरून गेलं. तो ग्लास घेऊन बसला. मावशी त्या दिवशी स्वयंपाकघरात उभ्यानेच जेवली. आठ आठवड्यांनी वजनकाट्यावर चार किलो जास्त दिसले, तेव्हा पहिली रडली तीच.