पिवळ्या रुमालातल्या आज्या

गेल्या हिवाळ्यात बहात्तर वर्षांच्या एक आजी सुनेसह माझ्या दवाखान्यात आल्या. आजींची तक्रार गुडघ्यांची होती, सुनेची मात्र वेगळीच. ‘‘डॉक्टर, तुम्हीच सांगा आईंना. वस्तीमागे कचरा जाळतात म्हणून रोज सकाळी तिथे जाऊन बसतात. जोडीला आणखी चार-पाच जणी असतात.’’ ‘या वयात दगदग नको’ हे ठरलेले वाक्य उच्चारून मी मोकळा झालो. आजींनी मान डोलावली आणि दुसऱ्या दिवशी त्या पुन्हा तिथेच जाऊन बसल्या. तो सल्ला मी फार घाईने दिला, असे आता वाटते. तसे वाटण्यास इंग्लंडमधील काही आज्या कारणीभूत आहेत.

आपल्याकडे ‘नाना’ म्हटले की घरातील वडीलधारे पुरुष डोळ्यांसमोर येतात. उत्तर इंग्लंडमधील लँकेशायर परगण्यात मात्र ‘नाना’ म्हणजे आजी. ऑगस्ट २०१४ मध्ये तेथील काही आज्यांनी आणि आयांनी ब्लॅकपूल शहराजवळचे एक शेत पहाटे गाठले आणि तेथे तीन आठवडे तळ ठोकला. डोक्याला पिवळे रुमाल, अंगात पिवळे झगे, हातात चहाचे कप आणि केक. क्वाड्रिला नावाची कंपनी त्या परिसरात फ्रॅकिंग करणार होती आणि त्यास त्यांचा विरोध होता.

फ्रॅकिंग म्हणजे काय, हे थोडक्यात सांगतो. जमिनीखाली दोन-तीन किलोमीटर खोलीवर शेल नावाच्या थरांच्या खडकात नैसर्गिक वायू अडकून असतो. तेथवर विहीर खणून पाणी, वाळू आणि काही रसायने प्रचंड दाबाने आत सोडली जातात. खडकाला भेगा पडतात आणि वायू वर येतो. त्याबरोबर क्षार व खोलवरची इतर द्रव्ये मिसळलेले पाणीही वर येते; त्याची विल्हेवाट हा मोठाच प्रश्न असतो. याच परगण्यात २०११ मध्ये अशा कामामुळे २.३ तीव्रतेचा भूकंप झाला होता, त्यामुळे लोकांची भीती निराधार नव्हती.

आता आमच्या विषयाकडे वळतो. फ्रॅकिंगच्या वाळूतील सिलिकाची धूळ फुप्फुसात गेल्यास सिलिकोसिस होतो. दगडखाणीतील मजुरांमध्ये आपण पाहतो तोच हा आजार. अमेरिकेतील कामगार-आरोग्य यंत्रणांनी २०१२ मध्येच या धुळीबद्दल इशारा दिला होता. डिसेंबर २०१४ मध्ये न्यूयॉर्क राज्याने आरोग्याच्या कारणास्तव फ्रॅकिंगवर बंदी घालण्याचा निर्णय घेतला. पेनसिल्व्हेनियात पिट्सबर्ग विद्यापीठाने केलेले अभ्यास २०२३ मध्ये प्रसिद्ध झाले. वायुविहिरींजवळ राहणाऱ्या दमेकऱ्यांमध्ये, विहिरीतून वायू काढला जात असताना, दम्याचे झटके बरेच अधिक आढळले. लहान मुलांमधील लिम्फोमाशीही संबंध दिसला; ल्युकेमियाशी मात्र दिसला नाही. असे अभ्यास संबंध दाखवतात, कारण सिद्ध करीत नाहीत. तरीही विहिरीजवळ घर असलेल्या आजीला ‘काळजी करू नका’ असे मी सांगू शकणार नाही.

मला सर्वाधिक विचार करायला लावले ते लँकेशायरच्याच एका अहवालाने. तेथील सार्वजनिक आरोग्य संचालक डॉ. शक्ती करुणानिधी यांनी २०१४ मध्ये प्रस्तावित जागांचा आरोग्यावर काय परिणाम होईल, याचा आढावा घेतला. सततच्या खोदकामाचा आवाज आणि सांडपाणी हे धोके त्यात होतेच. परंतु यंत्रणेवरील उडालेला विश्वास आणि अनिश्चिततेतून येणारा ताण व चिंता यांनाही त्यांनी आरोग्याचे धोकेच मानले. आम्ही रक्तदाब मोजतो, साखर मोजतो. ‘आपल्या घराशेजारी काय होणार, हे आपल्याला कोणी विचारणारच नाही’ ही भावना कोणत्या यंत्राने मोजावी?

नानांचा लढा पुढे बराच लांबला. जून २०१५ मध्ये परगण्याच्या परिषदेने परवानगी नाकारली. ऑक्टोबर २०१६ मध्ये लंडनच्या केंद्र सरकारने तो निर्णय फिरवला. २०१४ च्या त्या शेतावरील तळाच्या खटल्यात टीना रॉदरी या आजींवर कंपनीच्या कायदेशीर खर्चापोटी पंचावन्न हजारांहून अधिक पौंडांचा बोजा पडला आणि तुरुंगवासाची टांगती तलवारही. डिसेंबर २०१६ मध्ये न्यायालयातून त्या मोकळ्या बाहेर पडल्या.

जानेवारी २०१७ पासून प्रेस्टन न्यू रोडवरील फाटकासमोर माणसे जवळपास तीन वर्षे येत राहिली. दर बुधवारी स्त्रिया पांढरे कपडे घालून जमत, काही वेळ स्तब्ध उभ्या राहत, मग गात. निवृत्त शिक्षिका आणि तान्ही मुले कडेवर घेतलेल्या आया एकाच रांगेत. इंग्लंडमधील थंडी-पाऊस आठवा आणि मग त्या बुधवारांची कल्पना करा. ऑस्ट्रेलियात तर वायूखोदाईविरुद्ध ‘निटिंग नॅनाज’ २०१२ पासून पुढाऱ्यांच्या कचेरीबाहेर खुर्च्या टाकून विणकाम करीत बसत. विणणाऱ्या आजीला हटवायचे तरी कसे, हा पोलिसांपुढचा पेच मला मोठा गमतीदार वाटतो.

२६ ऑगस्ट २०१९ रोजी प्रेस्टन न्यू रोड येथे २.९ तीव्रतेचा धक्का बसला आणि नोव्हेंबरमध्ये सरकारने फ्रॅकिंग थांबवले. सप्टेंबर २०२२ मध्ये नव्या पंतप्रधानांनी ती स्थगिती उठवली. पुढच्याच महिन्यात त्यांच्यानंतरच्या पंतप्रधानांनी ती पुन्हा लागू केली.

या साऱ्यात वैद्य म्हणून मला काय दिसते? एकाकीपणा हा वार्धक्यातील गंभीर आजार आहे आणि त्यावर मी आजवर झोपेची गोळी लिहून देत आलो. फाटकासमोर रोज ठरलेल्या वेळी भेटणाऱ्या त्या बायकांना ती गोळी कितीशी लागली असेल, कोण जाणे. अर्थात आंदोलनालाही किंमत असते. अटकेची धास्ती, घरातील वाद, थंडीत तासन्‌तास उभे राहणे, हे सारे शरीराला जाणवतेच. म्हणून ‘जा’ किंवा ‘जाऊ नका’ असे एका शब्दात सांगणे मी आता सोडले आहे.

त्या आजी महिन्याभराने पुन्हा आल्या, तेव्हा मी सुनेला जवळ बसवून घेतले. पाठ टेकता येईल अशी खुर्ची न्यावी. रक्तदाबाची गोळी घेऊनच निघावे. पाणी जवळ असावे. धूर खाली बसलेला असतो अशा भल्या पहाटे जाऊ नये, ऊन चढल्यावर जावे. खोकला वाढला किंवा दम लागला तर त्याच दिवशी दवाखान्यात यावे. सुनेने हे सारे वहीत लिहून घेतले. मग मी त्यांना लँकेशायरच्या नानांची हकीकत सांगितली. आजींनी ती शांतपणे ऐकून घेतली.

‘‘आणि त्यांचे गुडघे कसे होते हो, डॉक्टर?’’ त्यांनी विचारले.