पाटाचे पाणी येते कुठून? चला, डिंभ्याचे पाणलोट पायी पाहू



‘नदीचे मूळ आणि ऋषीचे कूळ शोधू नये’ अशी आपल्याकडे जुनी म्हण आहे. ऋषीच्या कुळाचे राहू द्या; पण ज्याचा ऊस घोड नदीच्या पाण्यावर उभा आहे, त्याने त्या नदीचे मूळ एकदा तरी पायी जाऊन पाहावे, असे आग्रहाने सांगण्यासाठी हा लेख आहे.

आवर्तन कधी सुटणार, चारीला पाणी किती दिवस चालणार, टेलच्या शेतकऱ्याला मिळणार की नाही, याची चौकशी आपण रोज करतो. मंचरच्या बाजारात चार माणसे भेटली की पहिला प्रश्न तोच. परंतु धरणाच्या भिंतीमागे काय आहे असे विचारले, तर ‘भीमाशंकरचा डोंगर’ यापलीकडे पुष्कळांना काही सांगता येत नाही. भीमाशंकरला आपण जातो, पण गाडीने. घोडेगाव, शिनोली, डिंभे, तळेघर ही गावे खिडकीतून मागे जातात. दर्शन होते, प्रसाद घेतो आणि दिवेलागणीला घरी. ज्या ओढ्यांचे पाणी आपल्या सरीत येते ते ओढे पुलावरूनच पाहिलेले.

भिंतीमागचा मुलूख

घोड नदी आंबेगाव तालुक्याच्या पश्चिम टोकाला, आहुप्याच्या परिसरात सह्याद्रीच्या माथ्यावर उगम पावते. त्या माथ्यावर पडलेला पाऊस दोन वाटा धरतो. कड्याच्या पश्चिमेला पडलेले पाणी कोकणात उतरून अरबी समुद्राला मिळते. पूर्वेला पडलेले घोडेतून भीमेत, भीमेतून कृष्णेत आणि शेवटी बंगालच्या उपसागरात जाते. या वाटेवर ते डिंभ्याला अडवले आहे. येडगाव, माणिकडोह, वडज, पिंपळगाव जोगे आणि डिंभे ही कुकडी प्रकल्पाची पाच धरणे. त्यांपैकी डिंभ्याची साठवण सुमारे साडेतेरा टीएमसी. उजव्या कालव्याचे पाणी आंबेगाव-शिरूरकडे जाते, डाव्या कालव्याचे येडगावात पडून पुढे निघते. प्रकल्पाचे लाभक्षेत्र पुणे, अहिल्यानगर (पूर्वीचे अहमदनगर) आणि सोलापूर अशा तीन जिल्ह्यांत पसरले आहे. तेव्हा या पाण्याकडे डोळे लावून बसलेले आपण एकटे नाही.

जलाशयाला ‘हुतात्मा बाबू गेनू सागर’ असे नाव आहे. बाबू गेनू हे आपल्याच तालुक्यातील महाळुंगे पडवळचे. १२ डिसेंबर १९३० रोजी मुंबईत परदेशी कापडाची मोटार अडवताना त्यांनी प्राण दिला.

डोंगरमाथ्यावर वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस कोसळतो. मंचरकडे येईपर्यंत तो सातशेच्या आतबाहेर राहतो. म्हणजे आपल्या शिवारावर पडणाऱ्या पावसात उसाचे भागत नाही; आपण वरच्या माणसाच्या आभाळावर शेती करतो. हे मनाशी धरून चालायला लागले, की फेरीतली प्रत्येक गोष्ट वेगळी दिसू लागते.

फेरीत काय पाहावे

डिंभ्याहून पश्चिमेला जलाशयाच्या कडेने आत शिरले की फुलवडे, अडिवरे, माळीण, आसाणे, तिरपाड, आहुपे अशी महादेव कोळी समाजाची गावे आणि त्यांच्या विखुरलेल्या वाड्या लागतात. इथे बरोबर त्याच गावचा वाटाड्या हवा. पुस्तकात जे सापडत नाही ते त्याला पायाखालचे ठाऊक असते. कुठला झरा मार्चपर्यंत चालतो, कुठला दिवाळीलाच आटतो, कुठल्या उताराची माती कोणत्या साली खाली आली, हे तो चालता चालता सांगतो.

रानात शिरल्यावर जमिनीकडे पाहावे. पालापाचोळ्याचा थर असतो तिथे पाऊस आधी मुरतो. काळ्या कातळाच्या थरांमधल्या भेगांतून ते पाणी हळूहळू उतरते आणि खाली कुठेतरी झरा होऊन निघते. म्हणूनच पाऊस थांबल्यावरही ओढा वाहत राहतो. जिथे डोंगर बोडका आहे तिथे तोच पाऊस तासाभरात धावत सुटतो आणि जाताना माती घेऊन जातो. पहिल्या ओढ्याचे पाणी नितळ आणि दुसऱ्याचे गढूळ, एवढा फरक पाहिला तरी पाणलोटाचे निम्मे शास्त्र समजले.

आहुप्याची देवराई अवश्य पाहावी. देवाच्या नावाने राखलेले हे रान; इथे कुऱ्हाड लावायची नाही, ही गावाची मर्यादा. वा. द. वर्तक आणि माधव गाडगीळ या शास्त्रज्ञांनी १९७० च्या दशकात महाराष्ट्रातल्या अशा देवरायांचा अभ्यास करून त्यांचे मोल जगापुढे मांडले. देवराईच्या पोटात पाणी असते हे गावकऱ्यांना मात्र आधीपासून माहीत होते. या भागात हिरड्याची झाडे पुष्कळ आहेत. बाळहिरडा गोळा करून, वाळवून विकणे हा इथल्या घरांचा मोठा आधार. झाड उभे असले तर दरसाल पैसा, म्हणून हिरडा सहसा कोणी तोडत नाही. भीमाशंकरचे रान १९८५ मध्ये अभयारण्य झाले. आपल्या राज्याचा प्राणी शेकरू तिथला रहिवासी. पण रान टिकले ते नुसत्या सरकारी पाटीने नव्हे. त्यात राहणाऱ्यांचाही त्यात वाटा आहे.

पाण्याखालची गावे

आपल्या तालुक्याचे नाव आंबेगाव, पण कचेरी घोडेगावला. ज्या आंबेगावावरून तालुक्याला नाव पडले ते जुने गाव डिंभ्याच्या पाण्याखाली आहे. उन्हाळ्यात पाणी खाली गेले की तिथल्या जुन्या देवळांचे अवशेष उघडे पडतात. आणखीही गावे, काही पुरती तर काही अर्धी, बुडाली. भातखाचरे गेली. पुष्कळ कुटुंबे खाली न येता वरच्या उतारावर सरकून राहिली.

त्या लोकांनी हात बांधून बसणे पत्करले नाही. कुसुमताई कर्णिक आणि आनंद कपूर यांच्या ‘शाश्वत’ संस्थेच्या साथीने धरणग्रस्त आदिवासींनी जलाशयात मासेमारीसाठी स्वतःची सहकारी संस्था उभारली. उतारावर दगडी बांध रचून नवी भातखाचरे केली. एकमेकांच्या रानात सगळ्यांनी मिळून राबायचे, या त्यांच्या जुन्या रीतीला ‘पडकई’ म्हणतात. या कामाबद्दल शाश्वत संस्थेला २०१२ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या विकास कार्यक्रमाचा इक्वेटर पुरस्कार मिळाला. सहकार आपण कारखान्यात शिकलो असे आपल्याला वाटते. डोंगरात तो पडकईच्या रूपाने पिढ्यान् पिढ्या चालत आला आहे.

आणखी एक गोष्ट डोळ्यांआड करता येत नाही. जिथे सर्वांत जास्त पाऊस पडतो, त्याच भागातल्या काही वाड्यांना उन्हाळ्यात पिण्याच्या पाण्यासाठी टँकरची वाट पाहावी लागते. उतार तीव्र, कातळ उघडा, आणि साठलेले पाणी खाली खोलात. डोक्यावर हंडा घेऊन चढ चढणाऱ्या बाईला खाली भरलेले धरण दिसत असते.

माळीणला तर क्षणभर थांबावेच. ३० जुलै २०१४ च्या सकाळी मुसळधार पावसात डोंगराचा कडा सुटून गावावर आला आणि १५१ माणसे गेली. गावात नेहमीची एस.टी. घेऊन गेलेल्या चालकाला गावच जागेवर दिसले नाही, आणि ती बातमी बाहेर आली. उतारावर यंत्रांनी केलेल्या सपाटीकरणाचा त्यात वाटा किती, यावर पुढे पुष्कळ चर्चा झाली. आपण एवढे ध्यानात ठेवावे, की अशा उतारावर माती धरून ठेवणे हा तिथल्या माणसांच्या जिवाचा प्रश्न आहे. आपल्याकडे तो गाळ होऊन येतो.

गाळाचा हिशेब

हा हिशेब पाटीवर मांडून पाहू. एक टीएमसी म्हणजे शंभर कोटी घनफूट, सुमारे २ कोटी ८३ लाख घनमीटर. एक एकर उसाला लागणीपासून तोडीपर्यंत पाटाने मिळून दोन मीटर उंचीचे पाणी दिले असे धरले, तर सुमारे ८ हजार घनमीटर झाले. गळती आणि बाष्पीभवन सोडून दिले तरी एक टीएमसीत साडेतीन हजार एकर ऊस भिजतो. डोंगराची माती धरणात येऊन पाण्याची तेवढी जागा अडली, तर तेवढ्या उसाचे पाणी गेले. धरणाची भिंत तीच, पावसाळा तोच, सांडवाही वाहतो, आणि तरी मे महिन्यात आवर्तन एक दिवस आधी बंद होते.

याची दुसरी बाजू आपल्या बांधावर आहे. ठिबक केले, पाचट जाळण्याऐवजी सरीत आच्छादले, तर तेवढ्याच पाण्यात जास्त ऊस निघतो. वरच्यांनी रान राखावे आणि खाली आपण पाणी मोकाट सोडावे, हा न्याय नव्हे.

शिवारफेरी ही आपलीच रीत

पाणलोट पायी पाहणे हे काही नवे खूळ नाही. नगर तालुक्यातील हिवरे बाजारला पाहुणा गेला की गावकरी त्याला शिवारफेरीला नेतात. चर, बांध, झाडी, विहिरींची पातळी दाखवतात. श्री. पोपटराव पवार यांच्या पुढाकाराने या गावाने पावसाचे माप घेऊन पाण्याचा ताळेबंद मांडायची सवय लावली. शेतीसाठी बोअर घ्यायचे नाहीत, ऊस-केळीसारखी जास्त पाण्याची पिके घ्यायची नाहीत, असे त्यांनी ठरवले. आपण ऊसवाले, हे ऐकून कपाळाला आठी पडेल. पण कमी पावसाच्या गावाने आपले पाणी मोजून निर्णय घेतला. आपण निदान मोजावे तरी.

संगमनेर तालुक्यातील दरेवाडीसारख्या गावांत भारत-जर्मन पाणलोट कार्यक्रमाचे काम सुरू झाले तेव्हा तंत्रज्ञ प्रत्येक शेत पायी फिरत, आणि शेताच्या मालकाबरोबर त्याच्या पत्नीलाही हजर ठेवीत. कारण पाणी आणि सरपण आणणारी ती. तिचा शब्द डावलून केलेला आराखडा टिकत नाही. शासनाच्या जलयुक्त शिवार अभियानातही आराखड्याआधी शिवारफेरी सांगितली होती. शेजारच्या खेड तालुक्यात भीमाशंकर अभयारण्यातील येळवलीच्या लोकांनी ‘कल्पवृक्ष’ संस्थेच्या मदतीने पाहुण्यांना रान दाखवण्याचे, जेवूखाऊ घालण्याचे काम हाती घेतले. रान राखून चार पैसे गावात यावेत, हा त्यामागचा विचार.

फेरी कशी काढावी

एका गटातून पंधरा-वीस माणसे पुरेत. भगिनींना आणि दहावी-बारावीच्या मुलांना जरूर घ्यावे. सप्टेंबर अखेरपासून फेब्रुवारीपर्यंतचा काळ चांगला. भर पावसात घाटउतारावर जाऊ नये. अभयारण्यात शिरायचे तर वनखात्याची परवानगी आणि ठरलेली फी आधी भरावी. वाटाड्याची मजुरी आणि जेवणाचा दर निघण्यापूर्वी बोलून घ्यावा, आणि तिथे घासाघीस करू नये. नाचणीची भाकरी आणि त्यांच्या खाचरातला भात त्यांच्याच घरी खावा. मंचरहून डबे नेऊन पारावर बसू नये. प्लॅस्टिक परत आणावे. जलाशयाच्या काठचा गाळ वरून वाळलेला दिसतो, आत पाय रुततो. पाण्यात उतरू नये. देवराईत गावच्या रिवाजाप्रमाणे वागावे.

पहिला दिवस धरणाची भिंत, जलाशयाचा काठ आणि एखादी वाडी. दुसरा दिवस आहुप्याचा माथा. तिथल्या कड्यावरून खाली कोकण आणि समोर गोरखगड दिसतो. तिसरी फेरी सवडीने घरी आल्यावर काढावी. कालव्यापासून आपल्या चारीने, पोटचारीने चालत बांधापर्यंत यावे आणि पाणी कुठे फुटते, कुठे झिरपते, कुठे रात्री दारे मोडून सोडलेले असते, ते वहीत टिपावे. माथा ते पायथा म्हणतात ते असे पुरे होते.

बंधू-भगिनींनो, वरच्या गावांना आपण पाणी मागतो, पण त्यांच्याकडे पाहुणा म्हणून कधी जात नाही. या हंगामात उसाची तोड लागण्यापूर्वी दोन दिवस काढा. तिथल्या माणसाच्या मागे चाला, त्याचे ऐका, त्याच्या वाडीला उन्हाळ्यात पाणी आहे का एवढे विचारा. मग आवर्तनाची बैठक होईल तेव्हा आपल्या चारीबरोबर त्या वाडीचेही नाव काढा.