पाठीचं दुखणं आणि बोर्डाचा शेरा

मूळच्या सांगलीकडच्या मुरलीकांत पेटकरांच्या कण्यात १९६५च्या युद्धात गोळी शिरली. याच पेटकरांनी १९७२ साली हायडेलबर्गच्या पॅरालिम्पिकमध्ये पोहण्याचं सुवर्णपदक मिळवलं. अशी जखम कुठून आली, हे कुणी विचारत नाही. पण फौजेतल्या बहुतेक पाठी गोळीने जात नाहीत. त्या तोफेचे चाळीस-चाळीस किलोचे गोळे उचलून, थ्री टन ट्रकच्या मागच्या बाकावर डोंगरातले खड्डे खाऊन, पिठ्ठूसकट बर्फात आपटून जातात. जवान दोन दिवस शेक घेतो, गोळी खातो आणि ड्युटीवर जातो. इंज्युरी रिपोर्ट भरायचा राहून जातो.

मग निवृत्तीचं मेडिकल बोर्ड बसतं. स्लिप डिस्क किंवा स्पाँडिलोसिस, अपंगत्व वीस टक्के, आणि खाली शेरा: सेवेमुळे झालेलं नाही, सेवेमुळे वाढलेलंही नाही. कारण काय, तर झीज. चाळिशीही न गाठलेल्या माणसाला वयोमानाची झीज! त्या एका ओळीवर पेन्शनचा दावा फेटाळला जाई.

खरं तर १९८२चे नियम जवानाच्याच बाजूचे होते. भरतीच्या वेळी नोंद नसलेला आजार नोकरीत उद्भवला, तर तो सेवेचाच धरायचा आणि संशयाचा फायदा जवानाला द्यायचा. नियम होता, पाळत कुणी नव्हतं. २००९ मध्ये सशस्त्र सेना न्यायाधिकरण सुरू झालं आणि मुंबईच्या खंडपीठामुळे आपल्याकडच्या माजी सैनिकांना जवळ दार मिळालं. खरा जोर आला तो २०१३च्या धरमवीर सिंग निकालाने. प्रकरण फेफऱ्याचं होतं, पण सर्वोच्च न्यायालयाने सांगितलेलं तत्त्व पाठीलाही लागू पडलं: बोर्डाला कारणं लिहावी लागतील, सिद्ध करण्याचा भार जवानावर नाही.

डिसेंबर २०१४च्या राम अवतार निकालाने पैशाचा प्रश्न सोडवला. वीस टक्के अपंगत्व म्हणजे शेवटच्या पगाराच्या सहा टक्के; तेच पन्नास धरलं की पंधरा. वीसचं पन्नास धरण्याचा हा लाभ आधी फक्त मुदतीआधी घरी पाठवलेल्यांना होता, तो पूर्ण नोकरी करून निघालेल्यांनाही मिळाला. पुढच्याच वर्षी संरक्षणमंत्री मनोहर पर्रीकरांनी नेमलेल्या तज्ज्ञ समितीने जवानांविरुद्धची अनावश्यक अपिलं थांबवा, असं सुचवलं. अपिलं थांबली नाहीत. २०२३ मध्ये नवे नियम आले, निकष पुन्हा बदलले. कोर्टात जिंकलेलं दफ्तरात हरायचं, हा खेळ मला तरी निव्वळ कोडगेपणाचा वाटतो.

घरातलं कुणी फौजेत असेल, तर एवढं सांगाच: पडल्या दिवशीच इंज्युरी रिपोर्ट भरून घे आणि भरतीच्या मेडिकलची प्रत जपून ठेव.