मांद्र्याचे भाऊ दाजी आणि कडू कवठीचे तेल

पेडणे महालातील मांद्रे गावी जन्मलेले रामकृष्ण विठ्ठल लाड, अर्थात् डॉ. भाऊ दाजी, यांची शिलालेख-ताम्रपटांच्या वाचनाबद्दल जेवढी वाखाणणी होते, तेवढी त्यांच्या महारोगावरील प्रयोगांची होत नाही, ही खेदाची बाब होय. १८५१ साली ग्रँट मेडिकल कॉलेजातून बाहेर पडलेल्या पदवीधरांच्या पहिल्या तुकडीतील या वैद्याने, सह्याद्रीच्या ओढ्याकाठी वाढणाऱ्या कडू कवठीच्या चेंडूएवढ्या फळांतील, टणक कवचाआड गरात रुतलेल्या बियांचे तेल रोग्यांस देऊन त्याचा गुण पारखला. १८७४ मध्ये ते निवर्तले. पुढे तीन दशकांनी लंडनमध्ये पॉवर व बॅरोक्लिफ या रसायनशास्त्रज्ञांनी या तेलातून हिडनोकार्पिक आम्ल पृथक् केले. त्याच्या सोळा कार्बन अणूंच्या साखळीचे एक टोक पाच कार्बनांच्या कड्यात मिटलेले असते, आणि नित्याच्या खाद्यतेलांतील आम्लांहून त्याचे वेगळेपण ते यातच. महारोगाचे जंतू मज्जातंतूंच्या आवरणपेशींत ठाण मांडतात, म्हणूनच कातडीवरील चट्टा बधिर होतो, चटका बसला तरी रोग्यास उमगत नाही. १९४० नंतर सल्फोन औषधे आली आणि तेलाचा उपचार मागे पडला. तत्पूर्वी मात्र जगभरच्या महारोग्यांचा मुख्य आधार कवठीच्या जातकुळीतील झाडांच्या बियांचे तेलच होते.