घातांकांची उजळणी

चाळीसगांव तालुक्यांतील पाटण येथें शके ११२८ चा, म्हणजे इ. स. १२०७ चा, एक शिलालेख आहे. भास्कराचार्यांचे ग्रंथ पुढील पिढ्यांस शिकवितां यावे म्हणून त्यांचे नातू चांगदेव यांनीं तेथें मठ स्थापिला, असें त्यांत नमूद आहे. आचार्यांच्या जन्मस्थानाचा वाद आम्ही पंडितांवर सोंपवितों. न उजळलेली विद्या विसरली जाते, हें चांगदेवांनीं पुरतें ओळखिलें असावें. जळगांव-धुळ्याकडील आमचे पुष्कळ विद्यार्थीही सुटींतून परत येतांना बहुपदींचें अवकलन आणि मोठ्या संख्यांचें शास्त्रीय लेखन हीं दोन्ही घरीं ठेवून येतात. दोहोंत घातांक मुख्य. पण दोन्हीं ठिकाणीं तो निरनिराळा वागतो, आणि घोटाळा होतो तो तेथेंच.

इ. स. ११५० त रचिलेल्या सिद्धान्तशिरोमणींत आचार्यांनीं ‘तात्कालिक गति’ सांगितली आहे. चंद्राची गति सतत बदलते; दिवसभराच्या सरासरीनें तिथीचा अंत बिनचूक निघत नाहीं, त्या क्षणाचीच गति लागते. अवकलजाचा गाभा हाच. मात्र त्याचें सर्वसाधारण शास्त्र सतराव्या शतकांत न्यूटन व लायब्निट्स यांनीं उभारिलें. तें श्रेय आचार्यांस देणें आम्हांस प्रशस्त वाटत नाहीं.

समजा, पाटणच्या डोंगरांतील उंच कड्यावरून आपण दगड सोडला (कल्पनेनेंच, खालीं माणसें असतात). सेकंदांचा वर्ग करून त्यास ५ नें गुणिलें कीं तो सुमारें किती मीटर पडला तें कळतें. ३ सेकंदांत ४५ मीटर. मग तिसरा सेकंद संपतांना त्याचा वेग किती? पुढील दशांश सेकंदांत तो ३.०५ मीटर पडतो, म्हणजे सरासरी वेग ३०.५, पुढील शतांश सेकंदाचीच सरासरी घेतली तर ३०.०५. अंतर जों जों लहान करावें, तों तों उत्तर ३० कडे सरकतें. नियमानेंही तेंच येतें: सहगुणकास घातांकानें गुणावें आणि घातांक एकानें कमी करावा. ५ गुणिले सेकंदांचा वर्ग, याचा अवकलज १० गुणिले सेकंद. ३ सेकंदांस ३०.

पण गुणावयाचें कां? चौरस शेताची बाजू किंचित् वाढविली तर दोन बाजूंस दोन अरुंद पट्ट्या जोडल्या जातात. कोपऱ्याचा तुकडा इतका लहान कीं तो हिशेबांत राहत नाहीं. म्हणून वर्गास २. घनास तसेच तीन थर चढतात, म्हणून ३. स्थिर पद नाहींसें होतें, कारण दगडाचें अंतर दुसऱ्या खुणेपासून मोजलें म्हणून त्याचा वेग बदलत नाहीं.

आतां शास्त्रीय लेखन. लीलावतींत एक, दश, शत येथपासून परार्धापर्यंत अठरा स्थानें आहेत, प्रत्येक मागील स्थानाच्या दसपट. परार्ध म्हणजे १० चा १७ वा घात. अशा संख्या लिहितांना डावीकडील अंक १ किंवा अधिक, पण १० हून कमी ठेवावा. सूर्य सुमारें १५ कोटी किलोमीटर दूर, तें १.५ गुणिले १० चा ८ वा घात. प्रकाश सेकंदास सुमारें ३ गुणिले १० चा ५ वा घात इतके किलोमीटर जातो. भागाकारांत घातांक वजा होतात, गुणाकारांत मिळवितात. अवकलनांतील ‘एकानें कमी’ येथें आणूं नये. उत्तर ०.५ गुणिले १० चा ३ रा घात; तें नीट लिहिलें कीं ५ गुणिले १० चा २ रा घात, म्हणजे ५०० सेकंद. सूर्याचा प्रकाश आपल्या अंगणांत पोंचावयास ८ मिनिटें २० सेकंद लागतात.