शेवटचा आऊट घड्याळाचा?

बोईसर-तारापूरला शिफ्ट सुटल्यावर टर्फवर जमणाऱ्या पोरांना एक गोष्ट पाठ असते : बुकिंगचा तास संपला की मॅच संपली. पालघरच्या मोकळ्या मैदानात तर अंधार हाच अंपायर! ‘लास्ट ओव्हर’वरून तुम्हीही कधीतरी भांडला असालच. सॉफ्टबॉलमध्ये हेच भांडण जरा जास्त अवघड होतं.

हा खेळ मुळात घड्याळाचा नाहीच. सात इनिंग, प्रत्येकीत दोन्ही टीमना तीन-तीन आऊट. बरोबरी झाली तर खेळ पुढे चालू. आंतरराष्ट्रीय सामन्यात आठव्या इनिंगपासून दुसऱ्या बेसवर आयता रनर उभा करतात, निकाल लवकर लागावा म्हणून. तरीही २००८च्या बीजिंग ऑलिंपिकमध्ये जपानच्या युकिको उएनोने एकाच दिवशी दोन सामन्यांत मिळून २१ इनिंग पिचिंग केलं. आणि दुसऱ्या दिवशी अमेरिकेला हरवून सुवर्णपदक!

पण एकाच मैदानावर दिवसभरात ढीगभर मॅच उरकायच्या असतील, तर आयोजक वेळ बांधून देतात. खेळ बदलतो तो इथे. समजा, नियम असा : वेळ संपली की नवी इनिंग नाही. तुम्ही एका रनने पुढे आहात, इनिंगच्या दुसऱ्या अर्ध्यात बॅटिंग करताय आणि तीन मिनिटं उरलीत. तिसरा आऊट लवकर पडला तर समोरच्यांना आणखी एक संधी. मग काय? कुणाची लेस सुटते, कुणाला हेल्मेट सापडत नाही!

दुसरा प्रकार : वेळ झाली की खेळ तिथेच बंद. काही ठिकाणी तर अर्धवट इनिंगचे रनही धरत नाहीत, आधीच्या पूर्ण इनिंगचा स्कोअर कायम. म्हणजे मेहनतीने काढलेले रन पाण्यात.

कबड्डीतही शेवटच्या मिनिटाला वेळ काढतातच. पण तिथे रेडला ३० सेकंदांची मर्यादा आहे. सॉफ्टबॉलच्या अर्ध्या इनिंगला अशी मर्यादा नाही. तीन आऊट होईपर्यंत ती चालते.

म्हणून टॉसच्या आधीच अंपायरला तीन गोष्टी विचारा : वेळ कधीपासून मोजणार? चालू इनिंग पूर्ण होणार का? बरोबरी झाली तर काय? आणि पुढे असाल तेव्हा लेस आधीच घट्ट बांधून या. उशिरा बॅटिंगला येणारी समोरची पोरगी सकाळपासून एकाच संधीची वाट बघत असते. तिला आऊट करा की बिनधास्त, पण बॉल टाकून!